मैदान वापरात आहे

आमच्या वस्तीच्या सभागृहात कार्यक्रम पुष्कळ होतात. दातांची निगा, जुन्या गाण्यांची संध्याकाळ, बुद्धिबळाचा वर्ग, कुंडीतल्या भाज्या. येत्या पंधरवड्यात काय आहे ते फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलेले असते आणि येणारा-जाणारा थांबून ते वाचतोही. अडचण असते ती आत जाण्याची. रिकाम्या सभागृहात सर्वांत आधी जाऊन बसणे म्हणजे आपल्याला घरी काही काम नाही अशी जाहीर कबुली, असे आमच्याकडे मानले जाते. म्हणून लोक वेळेवर येतात आणि फाटकाबाहेर थांबतात. कोणी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतो, कोणी वाचलेला फळा परत वाचतो, कोणी समोरच्या दुकानात उगाच साबणाचा भाव विचारतो. आत एखादे डोके दिसले, की मग सगळे एकदम "अरे, सुरू झालं वाटतं!" म्हणत घाईने शिरतात.

एकदा एक व्हायोलिनवादक आला होता. त्याने बराच वेळ रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिले, शेवटी वाद्य पेटीत ठेवले आणि मागच्या दाराने तो निघून गेला. पुढच्या दारापाशी त्या वेळी चांगली सभागृहभर माणसे नाड्या बांधत उभी होती. वादक गेल्याचे कळल्यावर त्यांना रागच आला. "आम्ही एवढे आवरून आलो आणि ह्या गृहस्थाचा पत्ता नाही!"

त्या गर्दीत टाचणीमावशी होत्या. चौकातल्या कपडे धुऊन देणाऱ्या दुकानात, जिन्याखालच्या तिरप्या जागेत त्यांचे शिलाई मशीन आहे. नवे कपडे त्या शिवत नाहीत. विजारीची लांबी कमी करणे, कंबर सैल करणे, कोटाचे अस्तर आणि तुटलेल्या चेनी बदलणे हे त्यांचे काम. गळ्यात फीत, कानामागे खडू आणि ओठांत टाचण्यांची रांग. टाचण्या असल्या तरी बोलणे थांबत नाही. ते तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून अखंड चालू असते. वस्तीतल्या प्रत्येकाची कंबर त्यांना पाठ आहे, आणि कोणी त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलू लागले, की त्या शांतपणे एवढेच म्हणतात, "मागच्या वर्षी दोन बोटं सैल केली होती ना तुमची? यंदा बघू हं." आवाज आपोआप उतरतो.

वादकाला पेटी उचलून जाताना मावशींनी सभागृहाच्या खिडकीतून पाहिले होते. पुढच्या कार्यक्रमापासून त्या वेळेआधी जाऊन आत बसू लागल्या. तेही विचार करून, तिसऱ्या रांगेत मधोमध. पहिल्या रांगेत कोणी बसलेले दिसले तर लोकांना तो पाहुणा वाटतो, आणि शेवटच्या रांगेतला माणूस पळून जायच्या बेतात आहे असे वाटते. तिसऱ्या रांगेतल्या माणसावर विश्वास बसतो, असे त्यांचे मत होते. ते खरे ठरले. मावशी बसल्या, की सभागृह भरे. पुढे पुढे वस्ती समितीचे चिटणीसच दुकानापाशी थांबून सांगू लागले, "मावशी, गुरुवारी डोळ्यांची तपासणी, शनिवारी मधमाश्या." मावशी मशीनवर कापड टाकून निघत. पुरुषांच्या आरोग्यावरच्या व्याख्यानालाही त्या तिसऱ्या रांगेत होत्या. दारातून डोकावलेले पुरुष त्यांना पाहून मागे फिरू लागले तेव्हा त्यांनी मान वळवून हाक दिली, "या, या, लाजताय काय? तुमची मापं माझ्याकडेच आहेत."

मावशींच्या घरी त्यांची थोरली जाऊ असते. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते दोघे होते तोवर ह्या जावांचे एक दिवस पटले नाही. ते गेल्यावर भांडायला दुसरे कोणी उरले नाही, म्हणून त्या एका घरात राहू लागल्या. सभागृहाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. जाऊबाईंचे गुडघे गेलेले असल्यामुळे त्या दिवसभर खिडकीशी बसून खालच्या जगाची झाडाझडती घेत असतात.

त्या खिडकीखालीच मैदान आहे. मैदान हा शब्द त्याला जरा सैलच होतो. दाबलेल्या मातीचा चौकोन, तीन बाजूंना भिंत, दोन टोकांना गंजलेले आणि जाळी नसलेले गोलपोस्ट. मोठ्या रस्त्यापलीकडे नवी बाग झाली तेव्हापासून मुले तिकडे जाऊ लागली आणि मैदानावर वाळलेली पाने आणि एक मांजर एवढेच राहिले. दरम्यान वस्तीत गाड्या वाढल्या. रात्री उशिरा येणाऱ्याला गाडी लावायला जागा मिळेना. तेव्हा समितीच्या सभेत चिटणीसांनी विषय मांडला, की मैदान वापरात नसल्यामुळे तेथे पांढरे पट्टे मारून गाड्यांची सोय करावी. चिटणीस हे आयुष्यभर विमा कचेरीत नोकरी केलेले, सरळ आणि नेमके गृहस्थ. त्यांचा कोणावर राग नव्हता. रिकामी जागा आणि बेघर गाड्या यांचा त्यांनी हिशेब जुळवला होता, इतकेच.

"कोणाची हरकत?" त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारले आणि रिवाजाप्रमाणेच पुढच्या विषयाकडे वळले.

तिसऱ्या रांगेत मावशी उभ्या राहिल्या. ओठांत टाचण्या नव्हत्या, त्यामुळे आवाज सगळ्या तोंडातून आला आणि तो अनेकांना अनोळखी वाटला.

"माझी हरकत आहे."

"बोला मावशी."

"ह्या वस्तीत जे काय आहे ते सगळं बसून आहे. मी दिवसभर मशीनवर बसते, संध्याकाळी इथं येऊन बसते. दात बसून, डोळे बसून, मधमाश्यासुद्धा बसून. पाय हलवायला एक जागा आहे, तिथंही तुम्ही गाड्या बसवणार?"

लोक हसले. चिटणीसही हसले, पण त्यांनी मुद्दा सोडला नाही. "खरं आहे. पण पाय हलवतंय कोण तिथं? मांजर?"

"मी आणते ना वापरात."

"कशी?"

मावशींनी उत्तर आधी योजलेले नव्हते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मग म्हणाल्या, "मोठ्या माणसांना सायकल शिकवायची. ह्या खोलीत निदान वीस बायका अशा आहेत, की ज्यांना सायकल येत नाही. हात वर करा म्हटलं तर एकही करणार नाही, म्हणून म्हणत नाही."

कोणी हात वर केला नाही. ज्यांनी नजर खाली नेली त्यांची संख्या मात्र चिटणीसांच्या लक्षात आली असावी, कारण ते म्हणाले, "ठीक आहे. महिनाभर पाहू. दर रविवारी सकाळी. लोक आले तर मैदान राहील. नाही आले, तर पट्टे."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडूने लिहिले गेले: 'रविवारी सकाळी, मागील मैदान, प्रौढांसाठी सायकल. विनामूल्य.'

शिकवणार होता चौकातला पंक्चरवाला. धिप्पाड, कमी बोलणारा, हात कायम काळे. त्याच्याकडे दुरुस्तीला येऊन कोणी परत न नेलेल्या काही सायकली पडून होत्या. त्याने त्यांच्या सीटा खाली उतरवल्या, साखळ्यांना तेल दिले आणि रविवारी त्या मैदानात ओळीने उभ्या केल्या. मावशींनी आपल्या सवयीने सभागृहातली एक खुर्ची आणली, मैदानाच्या कडेला मांडली आणि त्या बसल्या. आता लोक येतील याची त्यांना खात्री होती.

लोक आले. फाटकातून डोकावले, मावशी बसलेल्या पाहिल्या, "अरे, सुरू झालं वाटतं!" म्हणाले, आत जाऊन एकेक खुर्ची घेऊन आले आणि मावशींच्या दोन्ही बाजूंना रांगा करून बसले. थोड्या वेळाने मैदानाची एक बाजू भरली. समोर तीन सायकली आणि पंक्चरवाला. सगळे त्याच्याकडे मोठ्या अपेक्षेने पाहू लागले.

"काय करू?" त्याने मावशींना खालच्या आवाजात विचारले.

"शिकव ना."

"कोणाला?"

मावशींनी बाजूला पाहिले. औषधाच्या दुकानातल्या ताईंनी पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून शेजारी फिरवायला सुरुवात केली होती. पंक्चरवाल्याने शेवटी एक सायकल घेतली आणि स्वतः दोन फेऱ्या मारल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो घामाघूम झाला.

चिटणीस येऊन पाहून गेले. "उपस्थिती उत्तम आहे," ते मावशींना म्हणाले, "पण ह्याला वापर म्हणता येईल का? एवढ्या खुर्च्या तर गाड्यांच्या मध्येही मावतील."

त्या दुपारी मावशींनी घरी जाहीर केले की पुढच्या रविवारी त्या स्वतः सायकलवर बसणार. जाऊबाईंनी खिडकीतून मान आत घेतली.

"तू?"

"मी."

"तुला येते?"

"येत असती तर शिकायला कशाला बसले असते?"

"अगं, ह्या वयात हाड मोडलं तर जुळत नाही. आणि तुझं सगळं पोट त्या मनगटावर आहे. उद्या हात गळ्यात अडकवून आलीस, तर मशीन कोण चालवणार? मी?"

"तुमच्याच्यानं काय व्हायचंय."

"तेच म्हणतेय मी!"

भांडण जेवणापर्यंत चालले. जाऊबाईंचे म्हणणे चुकीचे नव्हते आणि मावशींना ते ठाऊक होते. मनगट हीच त्यांची मिळकत होती. लहानपणी भावाच्या सायकलमागे त्या सीट धरून धावल्या होत्या. वर बसण्याची पाळी कधी आली नाही आणि पुढे कोणी दिलीही नाही. त्याचे दुःख त्या करीत बसल्या नव्हत्या. मात्र आपण बसलो की लोक बसतात, हे एकदा पक्के कळल्यावर, आपण उठल्याशिवाय कोणी उठणार नाही, हेही त्यांना तितकेच पक्के कळले होते.

रविवारी पुन्हा खुर्च्या भरल्या. ह्या वेळी मावशींची खुर्ची नव्हती. त्या विजारीला घोट्याशी चक्क टाचण्या लावून आल्या होत्या, साखळीत कापड अडकू नये म्हणून. पंक्चरवाल्याने मागून सीट धरली.

"पुढं बघा मावशी. खाली नाही."

"खाली बघितल्याशिवाय पाय कुठं आहेत ते कसं कळणार?"

"पाय कुठं जात नाहीत. पुढं बघा."

तो धावू लागला, त्या पायडल मारू लागल्या, त्याने हात सोडला आणि मावशी सायकलसह भिंतीकडे झुकून धप्पदिशी पडल्या. खुर्च्यांमधून मोठा हशा झाला. वरून आवाज आला, "पडले तरी नाक वर!" तो जाऊबाईंचा होता.

मावशींनी माती झटकली आणि सायकल उचलली. पुन्हा पडल्या. लोक पुन्हा हसले, जरा कमी. त्या पुढे पडतच राहिल्या. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, एकदा तर सायकल उभी असतानाच. हळूहळू हसणे थांबले. शेवटी फक्त साखळीचा आवाज, पंक्चरवाल्याच्या धापा आणि मग तो ओळखीचा धप्प आवाज ऐकू येत राहिला. कोपराला खरचटून रक्त आले होते.

औषधवाल्या ताईंना राहवले नाही. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अहो मावशी, तुम्ही हँडल फार आवळता. सैल धरा!"

मावशी मातीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "बरोबर बोलतेस. ये, धरून दाखव."

"मला कुठं येतं!"

"मलाही येत नाही. दोघींची पात्रता सारखीच की. ये."

"नको बाई, पडेन मी."

"पडशील. माझ्यापेक्षा वाईट पडून दाखवलंस तर तुझ्या सगळ्या कपड्यांच्या चेनी फुकट बदलून देईन."

ताई उठल्या. खुर्चीवर पर्स ठेवली, पुन्हा उचलली, शेजारणीच्या मांडीवर दिली आणि मैदानात आल्या. त्या पडल्या, पण मावशींपेक्षा बऱ्या पडल्या. तेथून पुढे काम सोपे झाले. सगळ्यांत वाईट काय घडू शकते ते सगळ्यांनी पाहून ठेवले होते आणि त्याहून वाईट करणे कोणालाच जमण्यासारखे नव्हते. सकाळ संपेपर्यंत तिन्ही सायकलींमागे रांग लागली होती.

मावशींचे उजवे मनगट मात्र सायंकाळी सुजले. हाड शाबूत होते, मुरगळले होते. आठवडाभर कात्री धरवेना. दुकानात कपड्यांचा ढीग साचला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई कठड्याला धरत, एकेका पायरीवर एकेक शिवी देत दोन मजले उतरल्या आणि येऊन मशीनवर बसल्या.

"सरळ शिवा जरा," मावशी शेजारी उभ्या राहून सांगत.

"नाचता येईना अंगण वाकडं कोण म्हणतंय बघा. स्वतःला सायकल सरळ नेता येत नाही आणि मला सरळ शिव म्हणे."

त्या आठवड्यात वस्तीतल्या बऱ्याच विजारींचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित लांब झाला. कोणी तक्रार केली नाही.

महिना संपला तेव्हा मैदानावर दर रविवारी इतकी माणसे असत, की पंक्चरवाल्याने आणखी सायकली आणल्या. समितीची सभा झाली. चिटणीसांनी मोकळेपणाने मान्य केले की रविवारी मैदान वापरात आहे. "म्हणून असं ठरवू," ते म्हणाले, "रविवारी सकाळी सायकली आणि बाकी सगळा वेळ गाड्या. दोघांचीही सोय." ठराव सर्वांना पटला. मधला मार्ग नेहमीच पटतो.

मावशींना तो पटला नाही. "सोमवारी लागलेली गाडी रविवारी हलत नसते चिटणीससाहेब. कोणी गावाला जाईल, कोणाची बॅटरी उतरेल. वर्षभरात आम्हाला गोलपोस्टएवढी जागा राहील."

"ठराव झालाय मावशी. सोमवारी रंगारी येतोय."

"येऊ द्या," मावशी म्हणाल्या.

सभेनंतर त्या घरी गेल्या नाहीत. आधी औषधाच्या दुकानात थांबल्या, मग पंक्चरवाल्याकडे.

सोमवारी सकाळी रंगारी चुन्याची बादली, दोरी आणि रुंद ब्रश घेऊन मैदानात शिरला, तेव्हा मावशी सायकलवर होत्या. त्या दिवशी त्यांचा तोल पहिल्यांदा टिकला होता. का टिकला ते त्यांना उमगले नव्हते, आणि म्हणून थांबण्याची त्यांची छाती होत नव्हती. उजवीकडे वळणे त्यांना अजून जमत नसे. त्यामुळे त्या डावीकडे, डावीकडे, मैदानभर मोठ्या वर्तुळात फिरत होत्या. मनगटाला पट्टी होती. पंक्चरवाला कडेला उभा होता आणि आयुष्यात प्रथमच मोठ्याने ओरडत होता, "सोडू नका! चालू द्या! चालू द्या!"

रंगाऱ्याने दोरीचे एक टोक खिळ्याला बांधले आणि वाट पाहिली. मावशी त्याच्यासमोरून गेल्या. पुन्हा आल्या.

"मावशी, जरा बाजूला होता का? पट्टा मारायचाय."

"ब्रेक लावता येत नाही रे! तूच हो बाजूला!"

त्याने बादली उचलली. दोरी सोडून गुंडाळली. तेवढ्यात फाटकातून औषधवाल्या ताई आल्या, दुकान उघडण्याआधी फेरी मारायला. त्यांच्यामागे आणखी दोघी, मग बुद्धिबळाच्या वर्गातले एक आजोबा. फाटकाशी कोणी नाडी बांधत थांबले नाही. रंगारी थोडा वेळ भिंतीला टेकून पाहत राहिला आणि मग न्याहारीला निघून गेला.

चिटणीस आले ते संतापून. मावशी पुढून जाताना ते त्यांच्याबरोबर दोन पावले चालत बोलत आणि त्या पुढे गेल्या की परत येईपर्यंत थांबत.

"मावशी, ठराव झालाय!"

"गाडी नाही ना लागली अजून! रिकामं आहे तोवर आमचं!"

एक फेरी.

"हे किती दिवस चालणार?"

"सकाळी मी. दुपारी ताई. संध्याकाळी कामावरून सुटलेले. वेळा ठरल्यात."

आणखी एक फेरी.

"आणि पावसात?"

"भिजू!"

चिटणीस उभे राहिले. हिशेबी माणूस. मैदानात त्या घटकेला किती माणसे आहेत, त्यातली कोण कोण त्या सभेत ठरावाच्या बाजूने हात वर करून बसली होती, हे त्यांच्या डोळ्यांनी टिपले. त्यात त्यांच्या शेजारचे बिऱ्हाडही होते, ज्यांच्या गाडीसाठी हा सगळा खटाटोप मुळात सुरू झाला होता.

"तुम्हाला तर गाडी लावायला जागा हवी होती ना?" त्यांनी त्या शेजाऱ्यांना विचारले.

"हवी आहे की," शेजारी सायकलवरून उतरता उतरता म्हणाले. "पण गाडी पलीकडच्या गल्लीत लावली तर चालून येता येतं. सायकल घरात कुठं चालवणार?"

रंगारी न्याहारी करून परत आला होता. बादली घेऊन तो चिटणीसांच्या शेजारी उभा राहिला आणि कुठून सुरुवात करू म्हणून विचारू लागला. चिटणीसांनी मैदानातली माणसे पुन्हा एकदा मोजली. मग ते म्हणाले, "सभेत पुन्हा विषय घेतो. तोवर थांब." बादलीत डोकावून त्यांनी विचारले, "चुना भिजवलास का?"

"हो साहेब. वाया जाईल."

"मग कडेनं मार. भिंतीपासून हातभर आत, सगळीकडून. हे लोक भिंतीवर आपटतायत."

रंगारी कडेकडेने पट्टा ओढू लागला. मैदानाच्या मध्ये मावशी अजून फिरत होत्या. खिडकीत जाऊबाई कठड्यावर रेलून जोरजोरात हातवारे करीत होत्या. त्या काय ओरडत होत्या ते साखळ्यांच्या आवाजात नीट ऐकू आले नाही, पण मावशींनी मान वर न करता उत्तर दिले, "दिसतंय मला! दुकान उघडायची वेळ झाली! पण उतरू कशी?"

पंक्चरवाला हात पसरून त्यांच्या वाटेत उभा राहिला.